खाली उतरवलेली पेटी

"तुमी पत्त्या घासा जी, बाकीचं माह्यावर सोडा. समदी पेटी एक घर वर चढवाची आहे. एकबी सूर मांगं नाई राहाले पायजे."

"पण भाऊ, कायले? पेटी तो आपस में मिली हुई है," चुन्नीलाल म्हणाला. "एक सूर दुसऱ्याशी भांडून नाई राहिला. मग पूरी की पूरी कायले चढवता?"

"आपसात मिळून आहे, हेच तं दुखनं आहे," भोजराज म्हणाला, आणि मिरचीच्या ढिगाकडे बघत बसला.

चुन्नीलाल गोंदियाचा पेटी दुरुस्त करणारा. अर्धी बोली बाजारातली हिंदी, अर्धी गिऱ्हाइकाच्या तोंडची मराठी. उन्हाळ्याच्या तोंडावर तो फटफटीला हत्यारांची पेटी बांधून अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक फेरी मारतो, गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या उघडतो, उंदराची लेंडी झटकतो, फाटका भाता चिकटवतो आणि पुढच्या गावाला जातो. केशोरीत भोजराज लंज्याच्या ओसरीवर तो पोतं अंथरून बसला होता. समोर पेटी पोट फाडल्यासारखी उघडी पडलेली. अंगणभर लाल मिरची वाळत होती आणि वारा नेमका ओसरीच्या तोंडाला होता. दर दोन पत्त्यांमागे चुन्नीलाल खोकत होता.

आतून भोजराजची बायको रुख्मा ओरडली, "मिरची तरी तिकडं सरकवा ना जी! पेटी सुधराच्या आंधी पेटीवालाच जाईन."

भोजराजने खराटा घेतला आणि मिरची बैलांच्या कोठ्याकडे लोटली. तो परतला तेव्हा चुन्नीलाल एक पितळी पत्ती चिमटीत धरून उजेडाकडे बघत होता. पेटीचा सूर निघतो तो या पत्तीच्या थरथरण्यातून. शेंड्याला घासली तर सूर वर चढतो, बुडाला घासली तर खाली उतरतो. एक घर म्हणजे लगतच्या एका पट्टीइतकं, मग ती काळी असो की पांढरी.

"ये देखो. बुडातून घासलेली. ही पन. ही पन. अरे, सगळ्याच! किस गधे का काम है हो?"

"त्यातला एक गधडा केवळराम मास्तर. देवाघरी गेला," भोजराज म्हणाला. "दुसरा तुमच्या पुढं बसून आहे. पत्त्या मीच धरून होतो."

चुन्नीलालने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, खोकला, आणि बारीक कानस शोधायला लागला.

भोजराजचं घराणं कोहळ्यांचं. त्याच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले. पाण्याची पातळी नुसत्या नजरेनं धरायची, उताराला मातीची पाळ कुठे घालायची ते जमिनीवर बसून सांगायचं, ही त्यांची विद्या. भोजराजच्या वाट्याला ती नजर आली, पण त्याने ती भलत्याच जागी खर्च केली. वयात आल्यावर त्याला गिटारीचं वेड लागलं. झाडीपट्टीच्या नाटकात, पडद्याच्या उजव्या अंगाला वाजवणारे बसतात, तिथे वडशाकडचा एक गिटारवाला त्याने पाहिला आणि धान कापायचं सोडून त्याच्या मागे मागे फिरला. शिकला तोही पाहूनच. अमुक बोट इथे, तमुक तिथे. मग केशोरीची नाटक मंडळी उभी राहिली आणि भोजराज तिचा गिटारवाला झाला.

केवळराम मास्तर पेटीवर, भोजराज त्याच्या डाव्या हाताला. मास्तरचं बोट कोणत्या पट्टीवर पडलं ते बघायचं आणि तशी पकड धरायची. नजर तेज असल्यामुळे अर्धा क्षणही मागे पडायचा नाही. लोकांना वाटे, काय कान आहे! कान कुठला, सगळा कारभार डोळ्यांचा.

हे उघडं पडलं ते बोदलकशाकडच्या एका खेळात. नायिकेचं रडकं गाणं चालू असताना जनरेटर बंद पडलं. ठार अंधार. मास्तरची पेटी चालू, ढोलकी चालू, बाई तशीच गात राहिली. नुसती गिटार थांबली. केवळरामची बोटं दिसेनात, तर भोजराजने धरायचं काय? अंधारातून कोणीतरी ओरडलं, "काऊन गा, गिटार झोपली का?" आणि सगळा मांडव हसला. पुढे कित्येक वर्षं त्याला मंडळीत 'दिव्याचा गिटारवाला' म्हणत. चहा देताना म्हणत, बिडी मागताना म्हणत. तोही हसायचा. पण ते हसणं ओठांच्या आत जात नव्हतं.

केवळराम त्याला सांगे, "लेका, आंधी गळ्यातून काढ, मंग तारेतून काढ. गळ्यातून निघालं म्हनजे कानात गेलं होतं, असं समजाचं." भोजराज मान डोलवायचा. पण चारचौघांत तोंड उघडून सा म्हणायची त्याला लाज. आवाज रेड्यासारखा. त्याने गळ्यातून कधी काढलं नाही ते नाहीच.

आणि केवळराम तरी कुठे सर्वज्ञ होता? त्याचीही एक गोम होती. तो सगळी गाणी पांढरी एकवरूनच वाजवायचा. सा म्हणजे पांढरी एक, सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. दुसऱ्या पट्टीवरून सा धर म्हटलं की बोटं एकमेकांत अडकायची. मंडळीचा हिरो हेमेंद्र दिसायला असा की बाया बैलबंडीतून बारा कोसांवरून यायच्या, पण आवाज जड. वरच्या जागेला पोचला की फाटायचा. मास्तर खाली यायला तयार नाही, हिरो वर चढायला तयार नाही. मालक म्हणाला, हिरो बदलू. बायांनी ऐकलं असतं तर मांडव जाळला असता. नवी पेटी आणू म्हटलं तर मालक बहिरा झाला.

तेव्हा केवळरामनेच डोकं चालवलं. माणसं हलत नाहीत ना, मग पेटीच खाली उतरवू.

एका दुपारी देवळाच्या ओट्यावर मास्तरने सगळी पेटी खोलली. भोजराजने एकेक पत्ती धरली, मास्तरने बुडातून कानस मारली. दिवस बुडेपर्यंत सगळी पेटी सरळ एक घर खाली आली. आता मास्तर पांढरी एक दाबायचा आणि सूर निघायचा तिच्या शेजारच्या खालच्या घराचा. मास्तरची बोटं खूष, हेमेंद्रचा गळा खूष. भोजराजने गिटारीच्या खुंट्या सैल केल्या आणि तारा पेटीला मिळवल्या. ढोलकीवाल्याने ढोलकी उतरवली. गिटार काय, ज्याच्या घरात ठेवाल त्याच्या घरची होते. त्या रात्री खेळ असा रंगला की हेमेंद्रला दोनदा परत बोलवलं. कोणाचंही काही चुकलं नव्हतं, कारण सगळे मिळून चुकले होते.

पुढे मंडळी मोडली. नव्या मंडळ्यांत विजेवरचे कीबोर्ड आले, त्यात एक बटन दाबलं की वाटेल तिथे सा. केवळरामच्या पोरांना पेटी नको होती. भोजराजने ती घरी आणली आणि गिटारीशेजारी ठेवली. तेव्हा त्याची पोरगी मंजू पाळण्यातून उतरून नुकती चालत होती.

पोरीच्या बाबतीत त्याने एकच ठरवलं. आपले डोळे वाजवत होते, हिचे कान वाजवतील. अंधार पडला तरी हिची गिटार झोपणार नाही.

मंजू पाचेक वर्षांची झाली तसा खेळ सुरू झाला. ती कोठ्यात बैलांना कुटार टाकत असायची, हा ओसरीवर पेटीची एक पट्टी दाबायचा आणि ओरडायचा, "सांग वो!"

"पांढरी चार!"

"अन् हे?"

"काळी दोन! बाबा, बैल पाय देऊन राहिला, थांबा ना!"

गायीच्या हंबरण्यावरून गाय ओळखावी तसे तिला सूर ओळखू यायला लागले. घरी आलेल्या पाहुण्यांना रुख्मा मुद्दाम खेळ दाखवायला लावायची. मास्तर लोक येऊन तिचे डोळे बांधून बघून गेले. कोणी एकदम चार पट्ट्या दाबल्या तरी मंजू चारही सांगायची, वर म्हणायची, "काका, शेवटची तुमच्या बोटानं चुकून दबली."

मग भिंत आली. ओसरीच्या भिंतीवर भोजराज चुन्याने सरगम लिहायचा. कधी मंडळीच्या गाण्यातली, कधी मनची. मंजूने ती आधी वाजवायची नाही. नुसती बघून गळ्यातून काढायची, मग गिटारीवर ताडून बघायची. सुरुवातीला अडखळली, रडली, मग लागली म्हणायला. कागदावर किंवा भिंतीवर जे दिसतं ते न ऐकता गाता येणं, ही गोष्ट भोजराजला जन्मात जमली नव्हती. पोरीच्या तोंडून ती निघाली की तो मिरचीला पाणी द्यायचं विसरायचा. पुढे तिने शाळेतल्या एका बाईकडून पाच रेघांची लिपीही उचलली. मग भिंतीवर रेघा आल्या, रेघांवर काळी टिंबं आली. रुख्मा दर दिवाळीला भिंत सारवायची आणि शिव्या द्यायची.

गिटारीवर बोट पडायच्या आत सूर तिच्या गळ्यात तयार असायचा. केवळराम म्हणायचा ते हेच.

तिला पहिला मोबाईल मिळाला तेव्हाची गोष्ट. ती तारा मिळवत होती आणि मोबाईल मांडीवर ठेवला होता. त्यात काटा हलत होता.

"बाबा, हा काटा मधात येऊनच नाई राहिला. समद्या तारा खाली दाखवते. अन् सिनेमातले गाने आयकले तं तेबी समदे आपल्यापरस एक घर वर गाऊन राहिलेत."

"त्यायचा आवाज मोठा असंन."

"तसं नाई जी, सूर म्हनून राहिली मी."

"मोबाईलले काय समजते? बंद ठेव थे. आपली पेटी आहे ना? पेटीवर मिळव. मोबाईलच्या नादी लागून कान बिघडवशीन."

मंजूने काटा बंद केला. पुन्हा कधी उघडला नाही. ती ऐकणारी पोरगी होती.

केवळरामने पत्त्या घासल्याची आठवण त्या दिवशी भोजराजला नव्हती असं नाही. आठवण होती. हसून सांगायची गंमत म्हणून होती. लग्नकार्यात तो हेमेंद्रची आणि पेटीची गोष्ट सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. तीच आठवण या काट्याला लावून बघायची असते, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. पाणी उतार दाखवतं म्हणून त्याच्या बापजाद्यांना फसता आलं नाही. पेटी उतार दाखवत नाही.

मागल्या उन्हाळ्यात मंजू नागपूरला एका संगीत शाळेच्या प्रवेशाला गेली. तिथे गिटार शिकून निघालं की शाळांमधून संगीत शिक्षिकेची नोकरी मिळते, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. गावातून निघताना भोजराज सगळ्यांना सांगत सुटला होता, "बाकीचे पोट्टे बोटं घेऊन जातीन. माही पोरगी कान घेऊन जाते."

ती परत आली आणि काही बोलली नाही. बोलली ती किती तरी दिवसांनी, अंगणात मिरचीचे देठ खुडता खुडता, मान खाली घालून.

"आंधी गिटार घेतली. म्हने, आमच्या पेटीले मिळवून घ्या. मिळवली. तवाच कसंतरी झालं. बोटं एक म्हनत अन् कान दुसरंच. तरी बोटाच्या भरोशावर वाजवली. मंग कागद देला. सा देला. मॅडमनं पांढरी एक दाबली, अन् मले आयकू आली काळी एक. कागदावर तं पांढरी एक लिवलेली. मी म्हटलं, कागद खरा. मंग माह्या मनातली पांढरी एक धरली अन् समदं गायली. एकबी जागा चुकली नाई, बाबा. पन मॅडम म्हने, दिलेला सा धरलाच नाही."

"अन् सूर ओळखाचे?" भोजराजने विचारलं. त्याला घाई झाली होती. तिथे तरी पोरगी हरणार नाही.

"समदे चुकले."

"समदे?"

"एक घर सरकून समदे. मॅडमलेबी नवल वाटलं. हासली नाई ते. म्हने, बाळ, तुझा कान पक्का आहे, पण तुझ्या घरची पेटी खाली लागलेली आहे. ज्याचा कान कच्चा असतो त्याला नवीन शिकवता येतं. तुझं आधी मोडावं लागेल. म्हने, मोडून पाहा, पुढल्या वर्षी ये."

तिने एवढंच सांगितलं आणि देठांचा ढीग सुपात भरला. मोबाईलच्या काट्याचं नाव तिने काढलं नाही. भोजराज त्याची वाट बघत राहिला. त्या दिवशी बघितली, मग सगळा पावसाळा बघितली. धान रोवताना, बांधीत पाणी लावताना, ती कधीतरी म्हणेल, बाबा, मी तुमाले सांगतलं होतं. म्हटलं असतं तर तो भांडला असता, ओरडला असता, मग गप्प झाला असता, आणि मोकळं झालं असतं. ती म्हणाली नाही. अर्जुनीला एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागली. सकाळच्या गाडीने जायची, दिवेलागणीला यायची. गिटार भिंतीवर. कधीमधी फडक्याने पुसायची, तारा घरच्या पेटीला मिळवायची आणि पुन्हा टांगायची.

पावसाळा संपल्यावर एकदा घरात कोणी नसताना भोजराजने रुख्माचा मोबाईल पेटीपुढे ठेवला, शेजारच्या टिंकूकडून तो काट्याचा प्रकार त्यात घालून घेतला होता, आणि पांढरी एक दाबली. काटा एक घर खाली जाऊन उभा राहिला. दुसरी दाबली. तिसरी. देवळाच्या ओट्यावरची ती दुपार, केवळरामच्या कानशीचा तो आवाज, बोटांवर पडणारा पितळेचा भुगा, सगळं त्याच्या पुढे येऊन बसलं. या वेळी हसू आलं नाही.

तेव्हापासून तो चुन्नीलालच्या फेरीची वाट बघत होता. परीक्षा पुन्हा येणार होती. पेटी जागेवर आली की मंजू रोज बसेल, कोठ्यातून पुन्हा सूर सांगेल, महिन्याभरात कान जागेवर येईल, असा त्याचा हिशोब होता. मंजूला त्याने हे सांगितलं नाही. सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत ती मैत्रिणीकडून येईल, तोवर काम उरकून ठेवायचं आणि तिला एकदम दाखवायचं.

"भाऊ, एक बात बोलू?" चुन्नीलाल कानस थांबवून म्हणाला. "बुडातून पहले घासली, आता शेंड्याला घासतो. पत्ती पतली होईल. एखादी टूट पन जाईल. आणि पहलेवाला आवाज पुन्हा येनार नाई. घरात विचारला का?"

"घरात काय विचाराचं? पेटी माही."

"पेटी तुमची," चुन्नीलाल म्हणाला. "ऐकनारा कोण?"

"घासा जी तुमी."

त्याने घासली. एकेक पत्ती काढायची, शेंड्याला बारीक कानस, पुन्हा बसवायची, मोबाईलच्या काट्यावर बघायची. भोजराज पत्त्या धरत होता, जसा तेव्हा धरत होता. दोन पत्त्या तुटल्या, त्या जागी चुन्नीलालने आपल्या डब्यातल्या बसवल्या. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा पेटी बंद झाली. चुन्नीलालने सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला. आवाज थोडा बारीक झाला होता, पण सूर सरळ.

"आता नागपूर में रखो, चाहे बम्बई में," तो म्हणाला, भाकरी खाल्ली, आणि नवेगाव बांधकडे निघून गेला.

मंजू आली ती चपला काढतानाच थबकली. "पेटीवाला आला होता?"

"बस इथं," भोजराज म्हणाला. त्याला लहान पोरासारखा आनंद झाला होता. "पाठ कर. पाहू नोको."

"बाबा, जेवू तं द्या."

"मंग जेवजो. पाठ कर."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. त्याच भिंतीवर अजून एका जागी चुन्याच्या पाच रेघा पुसट दिसत होत्या. भोजराजने पांढरी एक दाबली. कधी नव्हे तो सूर ओसरीत उभा राहिला.

मंजूने भिंतीवरच्या एका रेघेवर बोट ठेवलं.

"सांग वो!"

"काळी एक," ती म्हणाली.

त्याने पांढरी तीन दाबली.

"पांढरी चार."

पांढरी चार दाबली.

"काळी तीन." मग ती वळली. तिने पेटीकडे पाहिलं, पोत्यावर सांडलेल्या पितळेच्या भुग्याकडे पाहिलं. "तुमी समदी वर चढवली."

"बरोबर केली," भोजराज म्हणाला. "आता हे खरी आहे. आता रोज बस. महिना आहे. आंधी केलं तसंच, कोठ्यातून. तुह्या कानाले येईन ध्यानात."

"पेटी घासली तुमी," मंजू म्हणाली. "मले कुठून घासान?"

आवाज चढला नव्हता तिचा. रुख्मा दारात ताट घेऊन तशीच थांबली.

"तसं नाई वो. तुह्या परीक्षेसाठी..."

"मी जाऊनच नाई राहिली परीक्षेले. तुमाले सांगाचं होतं. दुकानातल्या ताईले मी हो म्हटलं, साकोलीच्या दुकानाचं पाहाले. पाडव्यापासून." ती पेटीजवळ सरकली. एका बोटाने पांढरी एक दाबली, लगेच सोडली. "एक सांगू बाबा? नागपूरवरून आल्यावर मले लय वाईट वाटे. मंग घरी कोनी नसलं म्हनजे मी पेटी खोलून बसत जाओ. वाजवत नोती, नुसत्या पट्ट्या दाबून पाहो. दाबली अन् मनात म्हटली थेच निघे. एकबी चुके नाई. तेवढ्यासाठी बसो. जगात एक तं जागा होती जिथं मी चुकत नोती." तिने झाकण लावलं. "आता थेबी नाई राहिली."

भोजराजने मान खाली घातली. पहिल्यांदा हेमेंद्रच्या गळ्यासाठी पेटी उतरवली होती, या वेळी परीक्षेसाठी चढवली. दोन्ही वेळा पत्त्या त्यानेच धरल्या आणि दोन्ही वेळा पोरीला विचारलं नाही. पहिल्या वेळी ती जन्मलीच नव्हती. या वेळी ती शेजारच्या आळीत होती.

"चुन्नीलाल अजून नवेगावलेच असंन," तो म्हणाला. "बलावू का वापस? बुडातून पुन्हा..."

"तुटून जातीन पत्त्या. राहू द्या."

मंजूने हात धुतले, जेवली. जेवण झाल्यावर खुंटीवरची गिटार काढली. तिने एक तार छेडली, मग सगळ्या. तोच जुना सूर, ओट्यावरच्या दुपारचा, हेमेंद्रचा, कोठ्यातून ओरडणाऱ्या पोरीचा. गिटार पेटीसारखी कोणी खोलली नव्हती. ती होती तिथेच खाली होती.

मंजूच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. "इचे कान नोको पिळजा, बाबा. असीच राहू द्या. सुटीत आली म्हनजे वाजवीन."

"नाई पिळत," भोजराज म्हणाला.

गिटार तिने परत खुंटीला लावली. भोजराज तारांकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं. केशोरीचा उन्हाळा तापला की तारा सैल पडतात, पावसात लाकूड फुगतं की चढतात. कोणी हात लावला नाही तरी त्या जागेवर राहत नाहीत. पाडव्याला ती साकोलीला जाईल, वैशाखात सुटीवर येईल, तोवर ही गिटार ना त्या पेटीची राहील ना या पेटीची. हे तिलाही माहीत असणार. तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण ती बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही. गळ्यातून काढणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

तलावाखालच्या वावरातून बायांची हाक आली. मिरचीचा तोडा अर्ध्यावर होता आणि भरायची पोती, म्हणजे बोरे, संपली होती.

"मालक गा! बोरे धाडता का पदरात भरून आनू? अन् लागला का पेटीचा सूर?"

"लागला वो, लागला!" भोजराज ओरडला. "आलो."

त्याने ओसरीवरचं पोतं उचललं, अंगणात नेऊन पितळेचा भुगा झटकला, मग तेच पोतं बाकीच्या बोऱ्यांवर टाकलं. दुपट्टा नाकाला बांधला, बोऱ्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि तलावाच्या पाळीवरच्या वाटेने वावराकडे निघाला.